क्रुसामागचं मडकं

खाडीच्या तोंडाशी, जिथे समुद्राला झोप लागते आणि त्याचा श्वास धुकं होऊन काठावर चढतो, तिथे फार फार पूर्वी एक गाव होतं, आणि त्या गावात बस्त्याव नावाचा एक म्हातारा होता. तो छाती फुगवून सांगायचा, "वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत मी फसवला नाही असा एक माणूस दाखवा!" आणि लगेच डोकं खाजवत म्हणायचा, "पण हल्ली मेली पंचाईत झालीय. खरं बोललो तरी कुणाला पटत नाही. परवा माझं छप्पर पेटलं म्हणून बोंबललो, तर शेजारीण म्हणते, थांबा, बांगडा भाजायला घेऊन येते."

गाव कसं होतं म्हणाल, तर अगदी तुमच्याआमच्यासारखं. सगळे देवाला भीत आणि शेजाऱ्यावर नजर ठेवत. धुकं मात्र त्या गावाचं स्वतःचं होतं. रोज तिन्हीसांजेला ते खाडीतून वर यायचं. आधी होड्या गिळायचं, मग माड, मग घरं, आणि शेवटी चर्चचा मनोरा. घंटेचा आवाज तेवढा उरायचा, तोही पाण्याखालून आल्यासारखा. धुक्यात माणसं हळू बोलत, कारण मोठ्यानं टाकलेला शब्द कुठे जाऊन पडेल याचा नेम नसे. एकदा म्हणे एका बाईनं वरच्या आळीत मीठ मागितलं आणि ते खालच्या आळीतून आलं. खरं खोटं देव जाणे. मीठ आलं, एवढं मात्र खरं.

अशा गावात बस्त्यावबाच्या खोड्यांना काय तोटा? चर्चच्या घंटेच्या दोराला त्यानं एकदा केळीचं पान बांधलं आणि खाली बकरी सोडली. भर सकाळी दुपारची घंटा झाली. सगळं गाव हातातलं काम टाकून जेवायला बसलं. फादर रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनाही भूक लागलीच होती. शाळेत नवे मास्तर आले, तर त्यांना त्यानं सांगितलं, "रविवारी आमच्या खाडीतले मासे पूर्वेकडे तोंड करून उभे राहतात." मास्तर शिकलेले, तेव्हा त्यांचा लगेच विश्वास बसला. ते रविवारभर गुडघाभर पाण्यात उभे.

आणि रविवारी मिस्साला सगळं गाव चर्चमध्ये शिरायचं तेव्हा बस्त्यावबा बाहेर पायरीवर बसायचा. "छत्र्या राखायला कुणीतरी हवं ना," म्हणायचा. मिस्सा सुटेपर्यंत त्यानं सगळ्या छत्र्यांची अदलाबदल केलेली असायची. लोक हसायचे, भांडायचे, आपापल्या छत्र्या शोधायचे. त्या गडबडीत एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. म्हातारा नऊ वर्षांत एकदाही उंबरा ओलांडून आत गेला नव्हता.

कुणाच्या नाही म्हणजे, एकीच्या आली होती. तिचं नाव रेजिन. ती त्याची सून.

नऊ वर्षांपूर्वी रेजिनचा नवरा, म्हणजे बस्त्यावबाचा एकुलता एक मुलगा सांतान, लहानशी होडी घेऊन मासेमारीला गेला आणि धुक्यात शिरला. धुकं दुसऱ्या सकाळी उठलं. सांतान दिसला नाही. सगळं गाव तीन दिवस तिठ्यावरच्या दगडी क्रुसापाशी बसलं आणि देवाला आळवत राहिलं. सगळ्यात पुढे बस्त्यावबा, गुडघ्यांवर. तिसऱ्या दिवशी गलबतं शोधून रिकामी परत आली. म्हातारा उठला आणि गुडघ्यांवरची माती झटकून घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं बकरीचा तो उद्योग केला. गाव म्हणालं, "बघा, म्हातारा सावरला."

आता त्या क्रुसाची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. क्रूस माणसाहून दोन हात उंच, समुद्राच्या वाऱ्यानं झिजून साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झालेला. खाली रुंद चौथरा, मागे भेंडीचं झाड. ज्याला देवाकडे काही मागायचं असेल त्यानं तिन्हीसांजेला एकट्यानं जायचं, कपाळ दगडाला टेकवायचं आणि दगडाच्या कानात सांगायचं. दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की मागणं नासतं, उघड्या दुधासारखं. आणि मागणं फळलं की हंडाभर चणे उकडायचे, वर खोबरं पेरायचं, क्रुसापाशी सगळ्या गावाला वाटायचे, आणि मग मोठ्यानं सांगायचं, बाबांनो, मी हे मागितलं होतं.

रीत चांगलीच. पण चांगली रीत माणसांच्या हाती लागली की तिला शेपूट फुटतं. हळूहळू गाव चण्यांवरून माणसाची पारख करायला लागलं. जिच्या घरचे चणे वर्षातून दोनदा, ती देवाची लाडकी. ज्याच्या घरी चणे शिजत नाहीत, त्याच्यात काहीतरी खोट. कुणी कोंबडी सापडली तरी चणे वाटायला लागलं. एकानं तर आधी चणे वाटले आणि मग मागायला काय उरलंय ते शोधत बसला.

रेजिन रोज संध्याकाळी क्रुसापाशी जायची. नऊ वर्षं. पावसात सुपाचं इरलं करून, उन्हाळ्यात पदरानं घाम पुसत, थंडीत धुकं हातानं बाजूला सारत. आणि नऊ वर्षांत तिच्या घरून चण्याचा एक दाणा आला नव्हता.

"रेजिन," खालच्या आळीतली कैतानची आई वाटेत अडवून म्हणायची, "आमचे दात आहेत तोवर तुझे चणे खाऊ घाल गो बाय!"

"मऊ उकडेन, मावशी," रेजिन म्हणायची. "हिरड्यांनी चावता येतील."

कैतानची आई हसायची, पण चार पावलं गेल्यावर दुसरीला सांगायची, "बिचारी! नवऱ्याला मागतेय अजून. बुडालेला माणूस चण्यांच्या वासानं येतो होय? देवानं कधीच नाही म्हटलंय, हिला ऐकू येत नाही."

बस्त्यावबालाही तसंच वाटायचं. रोज सून क्रुसाकडे निघाली की तो घराच्या पायरीवरून ओरडायचा, "पोरी, माझ्यासाठी दोन दात माग! चणे आले तर हवेत!" ती हसून हात हलवायची आणि धुक्यात विरघळायची. ती दिसेनाशी झाली की म्हाताऱ्याचं हसू तोंडावरून हळूच खाली उतरायचं, भिंतीवरून पाल उतरते तसं.

एके दिवशी रेजिनचा भाऊ पेद्रू पलीकडच्या काठावरून होडीनं आला. हातात पापलेटांची जोडी, तोंडावर मोठं काम.

"बाय," तो म्हणाला, "आई थकली. तुझ्या नावानं झुरते. आणि आमच्याकडे होड्या बांधणारा एक सुतार आहे, बायको वारलेली, माणूस सोन्यासारखा. त्यानं तुझ्याबद्दल विचारलंय. फादरांशी मी बोललोय. नऊ वर्षं झाली, त्यांचंही म्हणणं, काही आडकाठी नाही. चल माझ्याबरोबर."

रेजिन मासे साफ करत होती. तिनं सुरी थांबवली नाही.

"नाही यायचं मला, पेद्रू."

"का?"

"माझं मागणं आहे क्रुसापाशी. ते फळलं नाही अजून. ते फळल्याशिवाय हे घर सोडून मी हलायची नाही."

पेद्रूनं कपाळाला हात लावला. बाहेर ओट्यावर बसलेल्या बस्त्यावबाला सगळं ऐकू आलं. पेद्रू जाताना त्याच्यापाशी थांबला आणि हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही तरी सांगा तिला. सगळं आयुष्य एका दगडापाशी घालवणार का ती? येत्या रविवारी मी पुन्हा येतो. त्यानंतर सुतार काही थांबायचा नाही."

त्या दिवशी म्हाताऱ्यानं कुणाची खोडी काढली नाही. कैतानच्या आईला वाटलं, तो आजारी पडला.

तो विचार करत होता. सून गेली की घर रिकामं होणार, हे त्याला कळत होतं. पेज कोण देणार, खोकला आला की पाठ कोण चोळणार? पण पोर तिशी ओलांडून गेली होती. तिच्या केसांत परवाच त्याला पहिला पांढरा दिसला होता. सांतान यायचा नाही. हे त्याला ठाऊक होतं, खाडीला ठाऊक होतं, भेंडीच्या झाडाला ठाऊक होतं. देवानं एवढं तोंड उघडून एकदा नाही म्हटलं असतं, तर पोर मोकळी झाली असती. पण देव काही बोलत नव्हता.

"मग मीच बोलतो," म्हातारा स्वतःशी म्हणाला. "त्याच्या वतीनं. तो काय तक्रार करायला येणार आहे?"

आणि बघा हां, आयुष्यभर केलेल्या खोड्यांत ही पहिलीच खोडी अशी, की करताना त्याला हसू येत नव्हतं.

देवाचा आवाज काही साधा नसणार. बस्त्यावबानं आधी विहिरीत ओरडून पाहिलं, तर बेडूक घाबरले. मग पिंपात डोकं घातलं, तर शेजारीण म्हणाली, "बस्त्यावबा, पाणी प्यायचं तर तांब्या घ्या की!" शेवटी माळ्यावर एक मोठं मडकं सापडलं. त्यात तोंड घालून बोललं की आवाज असा घुमायचा, जणू डोंगराला कंठ फुटलाय. तो बाहेर आला तेव्हा नाकाला काजळी होती, पण आवाज जमला होता. वाक्यही त्यानं घोकून पाठ केलं: रेजिन, सांतान येणार नाही. वाट बघणं सोड आणि भावाबरोबर जा.

शनिवारी संध्याकाळी तो घंटेच्या आधी मडकं घेऊन निघाला. धुकं त्या दिवशी विशेष दाट होतं. पाय टाकला की पाऊल दिसत नव्हतं. वाटेत दोन बगळे उभे होते, चिठ्ठ्यांसारखे घडी घातलेले. खाडीचं पाणी वर आलं होतं की धुकंच पाणी झालं होतं, सांगणं कठीण. क्रूस एकदम समोर आला, वाट बघत उभ्या असलेल्या माणसासारखा. म्हातारा त्याच्याकडे न बघता मागे गेला. चौथरा कमरेइतकाच उंच. लपायचं तर खाली बसायला हवं, आणि म्हातारपणी उकिडवं कोण बसणार? गुडघ्यांवरच बसावं लागलं. तो बसला, मडकं पोटाशी धरलं.

घंटा झाली, पाण्याखालून आल्यासारखी. मग पावलं आली. रेजिन. तिनं कपाळ दगडाला टेकवलं तेव्हा दगडाच्या दुसऱ्या बाजूला म्हाताऱ्याचं कपाळ होतं. मधे फक्त क्रूस.

तिनं क्रुसाची खूण केली, नेहमीच्या प्रार्थना म्हटल्या. म्हातारा मनात म्हणाला, आता नवऱ्याला मागेल, तिनं मागितलं की लगेच बोलायचं.

पण रेजिन बोलायला लागली ती घरी चुलीपाशी बोलावं तशी.

"देवा, आज बांगडे बरे मिळाले. कैतानच्या आईचा गुडघा दुखतोय, तिला बरं कर, म्हणजे ती झपझप पुढे निघून जाईल आणि वाटेत मला अडवणार नाही. मास्तरांना सर्दी झालीय. ते अजून मासे बघतात. सांतान जिथे असेल तिथे त्याला सुखात ठेव. ते मी मागत नाही हां. पहिली दोन वर्षं मागितलं, तू काही बोलला नाहीस. आता नुसतं सांगते, त्याची आठवण आहे म्हणून."

मडक्याच्या तोंडाशी गेलेला म्हातारा तिथेच थांबला.

"मागणं तेच आहे," रेजिन म्हणाली. "बाबा तुझ्यावर रुसलेत. सगळ्यांना हसवतात, आणि सकाळी उशी उलटी करून ठेवतात, ओली बाजू खाली. मला कळत नाही असं त्यांना वाटतं. सात वर्षं मागतेय, देवा. त्यांना एकदा तुझ्याशी बोलू दे. गोड नको. भांडू दे. शिव्या घालू दे. पण तुझ्याशी बोलू दे. असं पाठ फिरवून ते मेले तर मी सांतानला काय तोंड दाखवू?"

मग ती तशीच कपाळ टेकून राहिली. धुकं दोघांच्या मधून, क्रुसाच्या दोन्ही हातांखालून, सावकाश वाहत राहिलं.

बस्त्यावबाचं वाक्य जिभेवर तयार होतं. ते म्हटलं असतं तर काम झालं असतं. पोर भाबडी, देवाचा शब्द म्हणून तिनं ऐकलंही असतं, उद्या भावाच्या होडीत बसली असती, सुताराच्या घरी सुखात राहिली असती. एवढं एक खोटं. जन्मभर हजारदा खोटं बोललेल्याला हे एक जड का व्हावं? त्यानं मडक्यात तोंड घातलं, श्वास घेतला.

"रे..." मडकं घुमलं. "सां..."

आणि पुढचं वाक्य आलंच नाही. आलं ते दुसरंच.

"सांतान कुठे आहे?" मडकं ओरडलं. "माझा पोर कुठे आहे? सांग! तीन दिवस मी या इथे गुडघ्यांवर होतो, तू बघितलं नाहीस? एक होडी वळवायची होती. एक! जाळं नाही, मासे नाहीत, काही मागितलं नव्हतं. फादर सांगतात, तू होडीत झोपला होतास आणि उठून वादळाला गप्प केलंस. मग माझ्या पोराच्या वेळी कुशीसुद्धा का बदलली नाहीस? बोल की! नऊ वर्षं मी पायरीवर बसलोय, तू बाहेर येशील म्हणून! एकदा तरी यायचंस! विचारायचंस, बस्त्याव, आत का येत नाहीस?"

पुढे शब्द राहिले नाहीत. म्हातारा मडक्यात तोंड घालून रडत होता, आणि मडकं ते रडणं घुमवून सगळ्या धुक्याला ऐकवत होतं. जणू डोंगरच रडायला बसला होता.

उत्तर आलं नाही. ना गडगडाट, ना प्रकाश. खाडीवर कुठेतरी वल्हं पाण्यात पडल्याचा आवाज झाला. एक, दोन, तीन. म्हाताऱ्यानं श्वास रोखून मान वर केली. आवाज जवळ आला, क्रुसासमोरून गेला, लांब लांब होत गेला आणि विझला. कोण होतं, होतं की नव्हतं, ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

रेजिन चौथऱ्याला वळसा घालून मागे आली. घाबरलेली नव्हती. तिनं पदरानं म्हाताऱ्याच्या नाकावरची काजळी पुसली.

"बाबा, मडकं बाजूला ठेवा," ती म्हणाली. "देव काही बहिरा नाही."

म्हाताऱ्यानं मडकं खाली ठेवलं. दोघं भेंडीच्या मुळांवर टेकली.

"मी तुला फसवायला आलो होतो," तो म्हणाला.

"ते नाकावरून कळलं."

"त्यानं मला उत्तर दिलं नाही, रेजिन. आत्तासुद्धा नाही."

"मलाही नाही दिलं. सांतानचं मी दोन वर्षं विचारलं."

"मग तू येतेस कशाला रोज? जो बोलत नाही त्याच्यापाशी?"

रेजिननं वर क्रुसाकडे बघितलं. धुक्यात त्याचे दोन हात तेवढे दिसत होते.

"तुम्ही ज्याच्या क्रुसामागे लपलात ना, बाबा, त्यानंही क्रुसावरूनच बापाला विचारलं होतं, मला का टाकलंस म्हणून. त्याला तरी कुणी काय सांगितलं? आभाळ गप्पच होतं. पण शेवटचा श्वास सोडताना हाक मारली ती बापालाच. मला वाचता येत नाही फारसं. एवढंच समजलंय. उत्तर नाही आलं म्हणून बाप बदलत नाही."

 म्हाताऱ्यानं हात लांब केला आणि झिजलेल्या दगडावर ठेवला, ताप बघतात तसा. मग तो म्हणाला, "थंड आहे."

"उन्हाळ्यात गरम असतो," रेजिन म्हणाली. "तुम्हाला काय माहीत? तुम्ही येता कुठे?"

दुसऱ्या दिवशी रविवार. मिस्सा सुटली आणि लोक बाहेर आले, तर सगळ्या छत्र्या जिथल्या तिथे. गाव हादरलं. "म्हातारा गेला की काय?" कैतानची आई म्हणाली. म्हातारा गेला नव्हता. तो शेवटच्या बाकावर बसला होता आणि प्रवचनात त्याला झोप लागली होती, म्हणजे तो बाकीच्यांसारखाच भाविक झाला होता.

आणि तिठ्यावरून खोबऱ्याचा वास येत होता. रेजिन क्रुसापाशी उभी होती, समोर हंडाभर उकडलेले चणे.

गाव धावलं. म्हातारी, पोरं, मास्तर, सगळे. "सांतान आला? कुठाय सांतान? कुठल्या होडीनं?" लोक तिच्या मागे बघत होते, भेंडीमागे बघत होते. एका पोरानं हंड्यातही बघितलं.

"सांतान नाही आला," रेजिन म्हणाली.

"मग हे चणे कसले?" कैतानची आई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मागणं फळल्याशिवाय चणे उकडायचे नाहीत. रीत आहे गावाची. काय मागितलं होतंस ते सांग मोठ्यानं, नाहीतर मी तोंड लावायची नाही." असं म्हणून तिनं एक मूठ घेऊन ठेवली, पुढच्यासाठी.

रेजिन अडखळली. सांगावं तर सासऱ्याची गावभर शोभा. न सांगावं तर रीत मोडते. ती वाढायचा डाव हातात धरून तशीच उभी राहिली.

तेव्हा बस्त्यावबा पुढे झाला आणि चौथऱ्यावर चढला.

"मी सांगतो," तो म्हणाला. "हिनं मला मागितलं होतं. मी देवाशी नऊ वर्षं बोलत नव्हतो. काल बोललो. इथे, या क्रुसामागे, मडक्यात तोंड घालून. भांडलो आणि लहान पोरासारखा रडलो. त्याचे हे चणे."

 सगळं गाव खो खो हसत सुटलं. "मडक्यात तोंड घालून!" मास्तर डोळे पुसत म्हणाले. "बस्त्यावबा, मला खाडीत उभं केलंत ते केलंत, आता मडक्यात नाही घालू शकणार!" पोरं ओरडली, "अजून सांगा! अजून सांगा!" आयुष्यात पहिल्यांदा म्हातारा भर गावासमोर खरं बोलला, आणि ती त्याची सगळ्यात रंगलेली खोडी ठरली.

फादर तेवढे हसले नाहीत. त्यांनी म्हाताऱ्याच्या धोतराकडे बघितलं. गुडघ्यांपाशी वाळलेल्या चिखलाचे दोन गोल डाग होते. फादर पुढे आले, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि म्हणाले, "रेजिन, मला वाढ. भरपूर वाढ." फादरांनी खाल्ले म्हटल्यावर कैतानच्या आईनं राखून ठेवलेली मूठ तोंडात टाकली. चणे मऊ होते.

इतक्यात पेद्रूची होडी लागली. तो धापा टाकत तिठ्यावर आला, हंडा बघितला आणि त्याचा चेहरा उजळला.

"फळलं?" त्यानं विचारलं.

"फळलं," रेजिन म्हणाली. "आता सुताराला सांग, बघायला ये म्हणावं. पण माझ्याबरोबर एक म्हातारा येईल. खोकतो, खोटं बोलतो आणि पेज गरमच लागते. चालत असेल तरच ये म्हणावं."

पेद्रूनं बस्त्यावबाकडे बघितलं, सुताराचं घर डोळ्यांसमोर आणलं आणि जरा काळजीत पडला. पण मान हलवली.

बस्त्यावबाला आता चेव आला होता. चौथऱ्यावर बसून, पोरांना भोवती गोळा करून, बोळक्या तोंडानं चणे चघळत तो मास्तरांच्या थाटात बोट वर करून म्हणाला, "पोरांनो, नीट ऐका आणि घरी जाऊन आईबापांना सांगा. या गोष्टीचं तात्पर्य: मागत राहावं. देव वर्षानुवर्षं गप्प बसतो, पण धीर सोडला नाही तर शेवटी बोलतोच."

रेजिननं हंड्यात डाव घातला, तळाचे चणे वर केले, आणि मान वर न करता विचारलं, "बाबा, नऊ वर्षं गप्प कोण बसलं होतं?"